इतिवृत्त लिहिणारीचे वाक्य

गेल्या वर्षी कार्यालयातले जुने कपाट आवरताना आमच्या मासिक बैठकांच्या इतिवृत्तांच्या तीन वह्या हाती लागल्या. आमचा व्यवसाय लहान आहे, भाषांतराचा आणि मुद्रितशोधनाचा. एकूण आठ माणसे, त्यांपैकी पाच स्त्रिया. वह्या चाळता चाळता मी तिथेच जमिनीवर बसले, कारण तिन्ही वह्यांतले अक्षर एकाच व्यक्तीचे होते. सुबक, डावीकडे किंचित झुकलेले, प्रत्येक विषयाखाली पट्टीने रेघ मारलेले. चार वर्षांतली एकूण एक बैठक आमच्या एकाच सहकारी स्त्रीने लिहून ठेवली होती. ते काम तिच्याकडे कोणी सोपवलेले नव्हते. पहिल्या बैठकीत पेन तिच्याजवळ होते, इतकेच निमित्त. मग मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागले आणि कोण किती बोलले ते मोजू लागले. माझे म्हणणे जवळजवळ प्रत्येक पानावर होते. इतरांचीही नावे कमीअधिक येत होती. तिचे स्वतःचे म्हणणे चार वर्षांत नऊ वेळा नोंदले गेले होते. दुसऱ्याचे वाक्य कागदावर उतरवत असलेल्या माणसाला त्याच क्षणी आपले वाक्य जुळवता येत नाही, आणि ते जुळेपर्यंत बैठक पुढच्या विषयावर गेलेली असते.

आम्ही व्यवसाय सुरू केला तेव्हा कोणाच्याही हाताखाली काम करायचे नाही आणि कोणालाही हाताखाली ठेवायचे नाही, असे मोठ्या निष्ठेने ठरवले होते. करारात समन्वयक म्हणून एक नाव लिहिले, त्यापलीकडे पदे ठेवली नाहीत. निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचे ठरले. स्त्रीवादी विचारांवर आमचा विश्वास होता, आजही आहे. पण तो विश्वास कागदावर, हिशेबात, कामाच्या वाटणीत कुठे उतरला आहे, हे पाहण्याची गरज आम्हाला वाटली नव्हती. आपली मने स्वच्छ आहेत म्हणजे व्यवस्थाही स्वच्छ असणार, असे आम्ही गृहीत धरले होते.

अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीत काम करणाऱ्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या सुमारास नेमका हाच धोका दाखवून दिला होता. त्या काळी अनेक स्त्रीगटांनी नेतृत्व, पदे, नियम या साऱ्यांचा त्याग केला होता, कारण या गोष्टी पुरुषी सत्तेच्या खुणा मानल्या जात. फ्रीमन यांचे म्हणणे असे की रचना नाकारल्याने रचना नाहीशी होत नाही, ती दिसेनाशी होते. मैत्रीतून, जुन्या ओळखींतून, कोणाला कोणाचा फोन येतो यातून निर्णय होत राहतात, आणि नव्याने आलेल्या माणसाला ते कुठे झाले हे कळायला मार्ग उरत नाही. उघड नेत्याला निदान जाब विचारता येतो. जो नेता असल्याचे कोणी मान्यच करत नाही, त्याला जाब कोण आणि कशाच्या आधारे विचारणार? वह्या वाचल्यावर मला हे मान्य करावे लागले की आमच्याकडचा तो न नेमलेला नेता मीच होते. ग्राहकांचे फोन मला येत, दर मी सांगत असे, आणि बैठकीत जे ठरे त्यातले निम्मे आदल्या दिवशी माझ्या आणि आणखी एका सहकाऱ्याच्या बोलण्यात ठरून गेलेले असे.

पहिली दुरुस्ती सोपी वाटली. इतिवृत्त पाळीपाळीने लिहायचे ठरले. त्यानंतरचे तीन महिने फार शिकवून गेले, कारण आमच्यापैकी बहुतेकांना ते काम येतच नव्हते. माझ्या पहिल्या इतिवृत्तात चर्चा भरपूर होती, पण काय ठरले, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे कुठेही नव्हते. ज्या कामाला आम्ही काम म्हणत नव्हतो ते प्रत्यक्षात कौशल्याचे निघाले. मग ते इतरांना शिकवण्यासाठी तिला वेळ दिला आणि त्या वेळाचा मोबदलाही हिशेबात धरला. स्त्रीवादी अर्थविचाराने गेली अनेक दशके जी गोष्ट पुन्हापुन्हा मांडली आहे, की घर चालवणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, दुसऱ्याचे मन सांभाळणे हे श्रम मोजले जात नाहीत म्हणून अर्थव्यवस्था स्वस्तात चालते, ती मी अनेकदा वाचली होती. १९७५ साली २४ ऑक्टोबरला आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरीतले आणि घरातलेही काम थांबवले, तेव्हा देशाचा दिवस कसा अडला, हेही ठाऊक होते. तरीही माझ्या स्वतःच्या टेबलापासून दोन हातांवर चाललेले तसेच काम मला चार वर्षे दिसले नाही.

सत्ता वाईट म्हणून तिच्यापासून दूर राहायचे, या भाबड्या समजुतीतून मला बाहेर काढले ते मेरी पार्कर फॉलेट यांच्या विचारांनी. १८६८ ते १९३३ हा त्यांचा काळ. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात स्त्रीचे म्हणणे क्वचितच ऐकले जाई अशा दिवसांत त्यांनी दुसऱ्यावर चालवायची सत्ता आणि दुसऱ्याबरोबर मिळून उभी करायची सत्ता असा भेद केला. त्यांचे एक उदाहरण अगदी साधे आहे. ग्रंथालयाच्या एका लहान खोलीत कोणाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. समोरच्याला ती विशिष्ट खिडकी हवी नव्हती, मोकळी हवा हवी होती. आणि फॉलेट यांना खोली कोंदट ठेवायची नव्हती, उत्तरेकडचा वारा थेट अंगावर नको होता. ही तडजोड नाही, असे त्या आग्रहाने सांगत. तडजोडीत दोघेही थोडे थोडे गमावतात. इथे दोघांना खरोखर काय हवे आहे ते आधी समजून घेतले गेले.

आमच्याकडे अशी खिडकी एका मोठ्या पुस्तकाच्या निमित्ताने उघडली. ग्राहकाला सोमवारी सकाळी भाषांतर हवे होते आणि आमची सर्वांत तरुण सहकारी शनिवार-रविवार काम करणार नाही, असे स्पष्ट म्हणाली, कारण ते दोन दिवस ती वडिलांच्या शुश्रूषेसाठी राखून ठेवते. माझ्या मनात पहिला विचार आला तो तिच्या निष्ठेबद्दलचा, आणि तो विचार अन्यायाचा होता. दुसऱ्या एका सहकाऱ्याने ग्राहकालाच विचारले की सोमवारी या मजकुराचे तुम्ही काय करणार आहात. उत्तर आले की सोमवारी फक्त पहिले प्रकरण चित्रकाराकडे जायचे आहे. उरलेल्या दोनशे पानांची त्या आठवड्यात कोणालाही गरज नव्हती. इतकी वर्षे आम्ही किती रात्री अशा न विचारलेल्या प्रश्नापायी जागून काढल्या असतील, याचा हिशेब आता लावता येणार नाही.

वसाहतवादातून सुटलेले नेतृत्व, म्हणजे वसाहती राज्यकर्त्यांकडून आलेल्या सवयी टाकून दिलेले नेतृत्व, हा शब्दप्रयोग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला आमच्यासारख्या लहान कार्यालयाला लागू पडेल असे वाटले नव्हते. कोणी कोणाचा मुलूख बळकावलेला नाही, मग सुटका कशातून करायची? पण आपण सहजपणे वापरतो त्या व्यवस्थापनाच्या साधनांचा इतिहास वाचू लागले, तसतशी ही शंका मावळत गेली. १८४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात टॉमस अ‍ॅफ्लेक नावाच्या माणसाने कापसाच्या मळ्यांसाठी छापील हिशेबवह्या तयार केल्या. त्यांत प्रत्येक गुलाम माणसाने रोज किती कापूस वेचला याचे रकाने होते, आणि वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी त्या माणसाची किंमत किती, हे लिहिण्याचेही रकाने होते. यंत्राच्या किमतीतली घट-वाढ लिहावी तसा माणसाचा हिशेब. पुढे कारखान्यांत नेमून दिलेले काम आणि त्यावर बक्षीस अशी पद्धत बसवणारे हेन्री गँट १८६१ साली मेरीलँडमध्ये गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातच जन्मले होते. म्हणून प्रत्येक तक्ता पापी ठरतो असे मी म्हणत नाही. हिशेब ठेवल्याशिवाय न्यायही करता येत नाही. पण कोणत्याही तक्त्यासमोर बसताना यात कोणता रकाना नाही आणि तो नसल्याने कोणाची सोय होते, हे विचारण्याची सवय मला त्या वाचनाने लावली. आमच्या कामवाटपाच्या तक्त्यात नाव, शब्दसंख्या, दिवस आणि दर एवढे चारच रकाने होते. नव्या माणसाला शिकवण्यात गेलेला वेळ, परत आलेल्या मजकुराची दुसरी-तिसरी दुरुस्ती, चिडलेल्या ग्राहकाशी शांतपणे बोलण्यात गेलेली दुपार, यांना जागाच नव्हती. आता ती आहे. त्यामुळे मोबदल्याची वाटणी बदलली, आणि माझा वाटा कमी झाला.

वसाहती व्यापाराचा दुसरा वारसा माझ्या दृष्टीने याहूनही खोल आहे. इंग्लंडच्या ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली आणि डच कंपनीला १६०२ साली सनद मिळाली. भागधारक एका किनाऱ्यावर, आणि त्यांच्या निर्णयांचे भोग भोगणारी माणसे महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे, अशी ती मांडणी होती. जो ठरवतो त्याला परिणाम सोसावा लागत नाही आणि जो सोसतो त्याला ठरवण्यात भाग नाही, हे अंतर त्या व्यवस्थेत अपघाताने आलेले नव्हते, तिचा पायाच तो होता. समुद्र नसतानाही असे अंतर निर्माण करता येते. आमच्याकडे बाहेरून काम करणारे दहा-बारा मुद्रितशोधक आहेत. त्यांचे दर आमच्या बैठकीत ठरत, आणि त्या बैठकीला त्यांच्यातले कोणीही नसे.

त्यांच्याशी होणारा करार इंग्रजीत होता. भाषांतराचे काम करणाऱ्या आम्ही माणसांनी, मराठीत काम करणाऱ्या लोकांकडून, त्यांच्यापैकी अनेकांनी नीट न वाचलेल्या इंग्रजी कागदावर वर्षानुवर्षे सह्या घेतल्या. तो मसुदा कुठून तरी मिळालेला होता आणि असे करार असेच असतात, यापलीकडे कोणी विचार केला नव्हता. तो मराठीत करायचे ठरले तेव्हा काम माझ्याकडे आले. काम थांबवण्याच्या कलमापाशी मी अडले. इंग्रजीत ते कलम गुळगुळीत वाटे, डोळा त्यावरून घसरून जाई. मराठीत ते असे उतरले: “कोणतेही कारण न देता, केवळ आमच्या मर्जीनुसार, आम्ही तुमचे काम केव्हाही बंद करू शकतो.” बैठकीत मी मसुदा फिरवला, तेव्हा सर्वांत तरुण सहकारी म्हणाली, “ताई, हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवाल का?” मी वाचले. पुढे बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ज्या वाक्याचा दुसऱ्याच्या तोंडावर उच्चार करताना लाज वाटते, ते आम्ही परक्या भाषेच्या आडोशाने इतकी वर्षे वापरत होतो. नव्या करारात कारण लेखी देणे, एक महिन्याची मुदत देणे आणि झालेल्या कामाचे पूर्ण पैसे देणे, अशी तीन बंधने आम्ही स्वतःवर घातली. मुद्रितशोधकांनी निवडलेले दोघे आता दर ठरवण्याच्या बैठकीला येतात, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी रात्रीच्या तातडीच्या कामाचा दर दीडपट करून घेतला.

मध्यंतरी काम आटले तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहिला. कोणाचे काम कमी करायचे? सर्वांत शेवटी आलेल्यांचे आधी कमी करावे, असा प्रस्ताव मीच मांडला, कारण हा नियम कोणाचे तोंड पाहत नाही असे मला वाटले. त्यावर एका सहकाऱ्याने १९७६ सालच्या एका अमेरिकी खटल्याची आठवण करून दिली. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध दाद मागितली होती. त्या कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. मग मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा १९७०नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सगळ्याच्या सगळ्या बाहेर पडल्या. न्यायालयाने स्त्री म्हणून आणि कृष्णवर्णीय म्हणून असा एकत्रित दावा मान्य केला नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय कामगार होते, पण ते पुरुष. दोन्ही अन्याय ज्यांच्यावर एकाच वेळी झाला त्यांच्यासाठी कायद्यात खणच नव्हता. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ यांनी याच खटल्याच्या विश्लेषणातून अन्यायाच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची कल्पना मांडली. आमच्याकडे शेवटी आलेले कोण होते, हे आम्ही तेव्हा पाहिले. ज्यांना घेण्यात आम्हीच सर्वांत उशीर केला होता, ती माणसे होती. अखेर कपात सर्वांनी वाटून घेतली आणि जास्त मिळवणाऱ्यांनी जास्त सोसली. तो महिना कठीण गेला. एक सहकारी नाराज होऊन सोडून गेला, आणि त्याचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मी आजही म्हणू शकत नाही.

मालकी सर्वांची केली की प्रश्न सुटतो, असे सहकाराच्या बाजूने अनेकदा सांगितले जाते, आणि त्यात बरेच तथ्य आहे. स्पेनच्या बास्क प्रांतात मोन्द्रागोन येथे १९५६ साली होसे मारिया अरिस्मेन्दियारिएता या धर्मगुरूंच्या प्रेरणेने कामगारांच्याच मालकीचा पहिला कारखाना सुरू झाला. सुरुवातीला तिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेतनातले अंतर तीनपटीपुरते मर्यादित होते. प्रत्येक सभासदाला एक मत. २०१३ मध्ये तिथली घरगुती उपकरणांची मोठी सहकारी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिच्या अनेक कामगारांना समूहातल्या इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. या सगळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच मोन्द्रागोनमध्ये सुरुवातीच्या काळात लग्न झालेल्या स्त्रीने काम सोडावे असा शिरस्ता होता, आणि तिथल्या स्त्रियांनी १९६९ साली औझो लागुन ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली, तेव्हाच विवाहित स्त्रियांना अर्धवेळ कामाची वाट खुली झाली. एक माणूस एक मत या तत्त्वातला माणूस कोण, हे आधी ठरलेले असते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून मला ‘सेवा’ या संघटनेची सहकारी बँक नेहमी आठवते. इला भट्ट यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये अहमदाबादेत असंघटित कष्टकरी स्त्रियांची ही संघटना उभी राहिली आणि १९७४ मध्ये तिच्या चार हजार सभासद स्त्रियांनी स्वतःची बँक काढली. नोंदणीसाठी प्रवर्तक स्त्रियांच्या सह्या हव्या होत्या आणि त्यांना लिहिता येत नव्हते. त्या रात्रभर बसून आपापले नाव गिरवायला शिकल्या आणि दुसऱ्या दिवशी सह्या करून आल्या. पुढे खातेदारांची ओळख पटवण्यासाठी बँकेने छायाचित्रांचा वापर केला. ज्या स्त्रीला लिहिता येत नाही तिला नियमाच्या मापाने कापण्याऐवजी नियमच तिच्या मापाने बेतायचा, ही दृष्टी मला कोणत्याही व्यवस्थापनाच्या पाठ्यक्रमात मिळाली नसती.

नेत्याला पदावरून दूर करण्याची सोय हा आमच्या भागीदारी करारातला शेवटचा बदल. उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशोनी या मूलनिवासी लोकांच्या राष्ट्रसंघात, ज्याला युरोपीय लोक इरोक्वॉय म्हणत, कुळांच्या ज्येष्ठ माता प्रमुखाची निवड करतात आणि तो कर्तव्याला चुकला तर त्याला पदावरून दूरही करतात. दुसऱ्या समाजाची परंपरा उचलून आपल्या भिंतीवर लावणे हाही वसाहतवादाचाच एक प्रकार आहे, म्हणून आम्ही त्यातले काही घेतले नाही. मात्र त्या व्यवस्थेने आम्हाला विचारलेला प्रश्न आम्ही टाळला नाही. आमच्या करारात समन्वयक म्हणून माझे नाव होते, पण मला दूर कसे करायचे याबद्दल एक ओळही नव्हती. आता दरवर्षी त्या पदासाठी हात वर करून मत घेतले जाते आणि जिच्याबद्दल मत असते ती स्वतः मत देत नाही.

यंदा पहिल्यांदा हे मतदान झाले. सात जणांपैकी चौघांनी माझ्या बाजूने हात वर केला, तिघांनी विरुद्ध. त्या तिघांत ती होती, जिच्या अक्षरातल्या वह्या मला कपाटात सापडल्या होत्या. विरोधाचे कारण नोंदवावे असे ठरलेले असल्यामुळे ती उभी राहून बोलली, सुमारे दहा मिनिटे, हातात कागद न घेता. त्या दिवशी इतिवृत्त लिहिण्याची पाळी आमच्या एका पुरुष सहकाऱ्याची होती आणि त्याने तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवले: “कामे मिळवणे आणि कामे वाटणे ही दोन्ही सूत्रे एकाच माणसाच्या हातात असू नयेत, मग तो माणूस कितीही भला असो.” पुढच्या सोमवारपासून कामवाटपाचा तक्ता ती आणि आणखी एक जण मिळून भरतात. मला या महिन्यात त्यांनी एका शब्दकोशाचे मुद्रितशोधन दिले आहे. ते मी स्वतःसाठी कधीच निवडले नसते, आणि त्यातली साठ पाने काल रात्रीपर्यंत तपासून झाली आहेत.